पोटखराबा

भूत करायचं असेल तर सगळी कला टाचेत असते. तोंडाला पीठ फासणारे आणि डोळे वटारणारे नट कच्चे. टाच जमिनीला टेकवायची नाही आणि थांबायचं ते अर्ध्या पावलावर, बस्स. कचेरीच्या स्नेहसंमेलनात मी सलग तीन वर्षं भूत झालो. तिसऱ्या वर्षी पहिल्या रांगेतल्या एका बड्या अधिकाऱ्यांच्या पत्नीने माझ्यावर स्वतःची चप्पल फेकली. ती मी आजवरचं सगळ्यात मोठं बक्षीस समजतो. मागायला कोणी आलं नाही म्हणून बरेच दिवस कपाटात जपून ठेवली होती. पुढे आमच्या हिने ती बोहारणीला दिली, आणि एकच चप्पल घेणारी बोहारीण कशी भेटली हे मला अजून कळलेलं नाही.

हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढच्या हकिकतीत एक भूत आहे आणि ते मी केलेलं आहे. बनावट, हाताने घडवलेलं. त्याला आता पाचेक वर्षं झाली. इतकी भुतं मी केली आणि विसरलो, हे एक मात्र माझ्या मागेच राहिलं.

मी तेव्हा जमिनी एकत्र करणाऱ्या पथकात अव्वल कारकून होतो. राहायला चिंचवडला, आणि काम चाकणच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांत. सोमवारी एस.टी.ने जायचं, शनिवारी दुपारी परत यायचं. मधले दिवस मुक्काम गावच्या चावडीत. पिंपरीच्या माळावर तेव्हा नुकतंच एका कारखान्याचं धुराडं उभं राहिलं होतं आणि एस.टी.तली माणसं त्याच्याकडे देवळाच्या कळसाकडे बघावं तशी बघायची. चाकणच्या बाजूला अजून सगळा कांदा, बाजरी आणि भुईमूगच होता.

आमचं काम ऐकायला सोपं होतं. एकेका शेतकऱ्याची जमीन गावाच्या चार दिशांना सांडलेली असायची. बापाच्या माघारी चार भावांनी प्रत्येक शेताचे चार तुकडे पाडलेले, त्यांच्या पोरांनी पुन्हा चार. काही तुकडे असे की औत वळवताना बैलाचं शेपूट आपल्या हद्दीत आणि शिंगं शेजाऱ्याच्या. सरकारने ठरवलं की हे तुकडे मोडायचे आणि ज्याची जेवढी जमीन, तेवढी त्याला एकाच जागी, एका गटात द्यायची. एकाला गावाच्या एका अंगाला सलग, तर दुसऱ्याला दुसऱ्या. चांगलीच गोष्ट होती. आजही मी ती चांगलीच म्हणतो.

पण जमीन एकत्र करण्याआधी जमिनीचे शब्द एकत्र करणं भाग होतं.

गावच्या जुन्या दप्तरात ‘जमिनीचा उपयोग’ या रकान्यात काय काय लिहिलेलं होतं! खळं, कुरण, मळई, वरकस, पाणंद, मसणवट, गुरचरण, देवाची पड इथपर्यंत ठीक होतं. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या तलाठ्यांनी तिथे आपलं मनही मोकळं केलेलं होतं. ‘म्हशी बसतात.’ ‘नांगर लागत नाही.’ ‘आजोबांपासून भांडण.’ एका तलाठ्याने एका ओढ्याकाठच्या तुकड्यापुढे नुसतं ‘विचारू नये’ असं लिहून ठेवलं होतं. मी विचारलं. गावातल्या कोणीही सांगितलं नाही.

आमचे साहेब पुण्याचे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. टाचणी वाकडी टोचलेली त्यांना खपत नसे. माणूस सरळ होता. त्यांच्या टेबलावर या प्रत्येक शब्दासाठी वेगळा नियम, प्रत्येक नियमावर वेगळं परिपत्रक आणि परिपत्रकांची एक अख्खी ट्रंक होती. कुरणाची अदलाबदल एका नियमाने, पडीची दुसऱ्याने, आणि म्हशी बसतात त्या जागेची कशाने, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

“हे सगळं एका पानात बसवा,” ते मला म्हणाले. “थोडे शब्द, थोडे नियम. शेतकऱ्यालासुद्धा कळलं पाहिजे. बाकीच्या शब्दांना आता मूठमाती द्या.”

मूठमाती! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी तांबडी पेन्सिल घेतली आणि चावडीतच शब्दांची प्रेतयात्रा काढली. एकेक शब्द मोठ्याने वाचायचा, त्याच्यावर दोन ओळी रडायचं आणि रेघ मारायची. “अगाई गं मळई, कुठं गेलीस गं, तुला जिराइताच्या घरी दिली गं!” शिपाई आणि मोजणीची साखळी ओढणारा साखळीवाला पोट धरून हसायचे. आठ दिवसांत मी पन्नासावर शब्दांचे सात केले. जिरायत, बागायत, पड, गावठाण, गायरान, रस्ता आणि पोटखराबा. जे कशातच बसेना, ते मी शेवटच्यात टाकलं.

पोटखराबा म्हणजे शेताच्या पोटातली जी जागा नांगराला येत नाही ती. खडक, ओघळ, वारूळ. तिच्यावर सारा नाही, म्हणून तिची किंमत नाही. आणि किंमत नाही म्हणून अदलाबदलीत तिच्या बदल्यात काही मिळत नाही. ज्याच्या गटाच्या पोटात ती पडली, त्याची ती झाली. साहेबांनी माझं पान पाहिलं, टाचणी सरळ टोचली आणि ते पान वर पाठवलं. आठवड्याभरात मंजूर होऊन, सायक्लोस्टाईल होऊन परत आलं. त्याच्या शाईचा वास मला अजून आवडतो.

मग महाळुंग्याच्या अलीकडच्या एका गावात नवी वाटणी वाचून दाखवायचा दिवस आला.

पुरुष चावडीत, बाया बाहेर भिंतीच्या सावलीला. वाचायला अर्थातच मी. मी सातबारासुद्धा असा वाचतो की ऐकणाऱ्याला वाटावं, आता तलवार निघणार. प्रत्येकाचं नाव घेऊन थांबायचं, त्याच्याकडे पाहायचं, आणि मग त्याचा गट सांगायचा. एक पैलवान होते, सहा फूट उंच, कान मोडलेले, जत्रेच्या फडात नाव काढलेले. त्यांच्या वाट्याला गावच्या वरच्या अंगाचा सलग गट आला. तो वाचताना मी ओघात पुढे म्हणालो, “आणि त्याच्या पोटात हिस्सा तिसरा, दोन गुंठे, उपयोग पोटखराबा. सदर बाईंच्या खात्यातून कमी.”

बाहेरून आवाज आला. “काय म्हनला, भाऊसाहेब?”

एक बाई दारात येऊन उभी होती. पस्तिशीची असेल. पांढरं कपाळ.

“पोटखराबा, बाई.”

“कुनाचं?”

“तुजंच की गं!” आतून कुणीतरी म्हणालं, आणि चावडी हसली. मीही हसलो. नटाला टाळी मिळाली की तो हसतोच.

“माजं पोट खराब न्हवतं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “सासू म्हनायची, दीर म्हनायचा. आता सरकार बी म्हनाया लागलं व्हय? दोन लेकी दिल्या म्या ह्या पोटानं. धडधाकट. देवीनं नेल्या त्या, पोटानं न्हाई नेल्या.”

हसू एकदम थांबत नाही. ते फुटक्या मडक्यातल्या पाण्यासारखं हळूहळू जातं. मागे बसलेला एक बहिरा म्हातारा तर सगळे गप्प झाल्यावरही हसतच होता.

माणसं पांगल्यावर मी जुनं दप्तर उघडलं. हिस्सा तिसरा, दोन गुंठे. ‘उपयोग’ रकान्यात जुन्या तलाठ्याचं तिरकं मोडी वळणाचं अक्षर होतं. लिहिलं होतं, ‘मूठमाती, दोन.’ आणि त्याच्यावरून माझी तांबडी रेघ. रेघ मारली त्या दिवशी हा शब्द वाचून मी काय बोललो होतो, तेही मला आठवलं. म्हणालो होतो, “घ्या, मूठमातीलाच मूठमाती!” त्या दिवसाची ती सगळ्यात मोठी टाळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला जागा दाखवली. वरच्या अंगाला बांधाकडेचे दोन गुंठे, एक करंज, आणि करंजाखाली दोन चपटे दगड. लहान पोरांना जाळत नाहीत, मातीच देतात, आणि कोल्ह्याने उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात. एक दगड मोठा होता, एक लहान. थोरली चार वर्षांची, धाकटी दोनची. सहा वर्षांमागे देवीच्या साथीत तीन दिवसांच्या अंतराने गेल्या होत्या. नवरा त्याच्याही आधी गेलेला.

दोन दगडांच्या मधोमध एक खुंटी ठोकलेली होती आणि शेजारी नारळाची करवंटी पडली होती.

“ह्ये काय?” मी विचारलं.

“पैलवानानं काल सांजंला पानाड्या आनला व्हता. त्याच्या तळहातावरचा नारळ हितंच उभा ऱ्हायला. खाली गोडं पानी हाय म्हनं.” तिने खुंटीकडे पाहिलंही नाही. “जागा त्येंच्या नावावर झाली की हिर खननार. पयल्या कुदळीलाच माज्या पोरी वर येतील, भाऊसाहेब.”

मी काहीतरी धीराचं बोललो असेन. पैलवान माणूस वाईट नाहीत, त्यांना समजावू, असलं काहीतरी.

“म्या बोलले त्येंच्याशी. म्हनले, वैनी, सा वर्सं झाली, आता काय उरलं आसंल तिथं?” ती पदराने मोठ्या दगडावरची पानं झाडायला लागली. “मला खालची जमीन जरा कमी द्या. पर ह्ये दोन गुंठं माजं ठेवा. माजं दुसरं काय न्हाई मागनं.”

मी थेट साहेबांकडे गेलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग माझंच पान पुढे सरकवलं.

“हरकत कुठल्या कारणाखाली घेऊ? जिरायत नाही, बागायत नाही, रस्ता नाही. सातात बसेल असं कारण द्या, मी आत्ता मान्य करतो.”

“आठवा शब्द घालू या, साहेब.”

“मंजूर होऊन आलेल्या यादीत? एका गावात एक घातला की पुढच्या गावात दहा घालावे लागतील. मग ती ट्रंक परत उघडा.” ते कठोर नव्हते, दमले होते. “शब्द तुम्हीच कमी केलेत ना? छान केलेत. मी वरही तसं कळवलं आहे.” मग म्हणाले, “एक वाट आहे. ज्याच्या गटात जागा गेली आहे, त्यानेच नको म्हणून जबाब दिला तर ती वगळता येते. पण नारळ उभा राहिलेली जागा कोण सोडेल?”

पैलवान सोडणार नाहीत, हे मला माहीत होतं. मी तरी जाऊन बोललो. त्यांनी मला ताक पाजलं, गुळाचा खडा दिला, आणि म्हणाले, “भाऊसाहेब, मानसं तहानेली हायत, जनावरं तहानेली हायत. मेलेल्यासाठी जित्याला तहानेलं ठिवायचं व्हय?” पण ताकाचा गडगा खाली ठेवता ठेवता मला त्यांच्या दंडाला बांधलेला काळा दोरा दिसला. दुसऱ्या दंडालाही होता. साखळीवाल्याने मागे मला हसत सांगितलेलंही आठवलं की हा गडी फडात कुणाला भीत नाही, पण दुपारी बाराला एकटा चिंचेखालून जात नाही.

मला जे सुचलं ते सुचल्यावर मी अक्षरशः टाळी वाजवली. हे कबूल केलं पाहिजे. त्या क्षणी मला त्या बाईची आठवण नव्हती, दगडांची नव्हती. मला फक्त प्रयोग दिसत होता.

दोन दिवसांनी, भर दुपारी, चावडीत चहा झाला होता. बाहेर ऊन असं की कुत्रीही आत आलेली. पैलवान, पाचसहा गावकरी, आमचा साखळीवाला. माझ्या भुताच्या गोष्टी हा मुक्कामाचा रोजचाच कार्यक्रम होता. पण त्या दिवशी मी गोष्ट सांगतो असं म्हटलंच नाही. नुसता गप्प बसलो. गप्प बसलेला बडबड्या ही निम्मी गोष्ट असते.

“काय झालं, भाऊसाहेब? घरचं काय कळलं का?” पैलवानांनीच विचारलं.

“काही नाही. काल साखळी आखूड भरली.”

मोजणीची आमची साखळी तेहतीस फुटांची, तिचे भाग सोळा. आम्ही त्यांना आणे म्हणतो.

“करंजाखालची जागा बरोबर एक साखळी रुंद आहे. कागद सांगतो सोळा आणे. साखळी पोचली पंधरापर्यंतच. पुन्हा ओढली, पंधराच. म्हटलं, पलीकडे कुठे अडकली असेल. बघायला गेलो. बाराचा सुमार. दोन दगडांच्या मधे साखळीचं टोक पडलेलं, आणि टोकाजवळची माती...” मी थांबलो. अर्ध्या पावलावर. “ओली.”

“वली?”

“ओंजळभर. चैत्राच्या उन्हात. मी वाकलो. आणि खालून...”

“खालनं काय?”

“‘पानी.’ एवढंच. आधी एक आवाज. मग दुसरा. तो त्याच्याहून बारीक.”

साखळीवाल्याला मी काही सांगून ठेवलेलं नव्हतं. तो माझ्याहून वयाने मोठा आणि जिभेने फार सावध. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, तेव्हा त्याने फक्त तंबाखूचा बार दुसऱ्या गालात सरकवला. त्याहून चांगली साक्ष मी आयुष्यात पाहिलेली नाही.

“भाऊसाहेब, तुमी लई नाटकी मानूस राव,” पैलवान हसले. पण त्यांचा हात दंडावरच्या काळ्या दोऱ्याशी गेला होता.

“असेन,” मी म्हणालो. “मी आपला कारकून. मला एवढंच कळत नाही की तिथे विहीर पडली तर पहिली घागर कुणाची.”

दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आत पैलवान चावडीच्या पायरीवर बसलेले होते. जागा नको. साहेबांनी कारण विचारलं. जबाबात भूत लिहिता येत नाही. त्या बलदंड माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की मला दया आली. मीच लिहून दिलं, ‘सदर जागेचे पाणी जड असल्याचे समजते, करिता नको.’ त्यांनी सही ठोकली. दोन गुंठे बाईंच्या नावावर राहिले. साहेब मला म्हणाले, “बघा, नियम थोडे असले की माणसं आपापसात मिटवतात.”

त्या दिवशी मी फार खुशीत होतो. मोजून हद्दीचे दगड रोवायला मी आणि साखळीवाला गेलो, तेव्हा मी चक्क गात होतो. मी बांधाकडे उभा राहिलो, तो टोक घेऊन करंजाच्या पलीकडे गेला.

“पंधरा,” तो ओरडला.

“पुरे झालं! पैलवान इथे नाहीत.”

“मी चेष्टा करत न्हाई, राव. या न् बगा.”

मी गेलो. साखळी ताणलेली होती आणि टोक हद्दीपासून एक आणा अलीकडे. कडी कुठे दुमडली असेल म्हणून मी बोटांनी चाचपत गेलो. दुमडलेली दिसली नाही. उन्हाचं कारण सांगावं तर उन्हाने लोखंड वाढतं, आटत नाही. आम्ही साखळी उचलली, झटकली, पुन्हा टाकली. सोळा भरले. मी कागदावर सोळा लिहिले. साखळीवाल्याने दोन्ही दगडांना हात लावून तो कपाळाला लावला, आणि पुढे बदली होईपर्यंत त्या जागेबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

माती कोरडी होती. ते मी मुद्दाम पाहिलं.

शनिवारी मी एस.टी.ची वाट बघत फाट्यावर उभा होतो. बाई आली. हातात फडक्यात बांधलेल्या भुईमुगाच्या शेंगा. त्या तिने माझ्या पिशवीत घातल्या.

“जागा ऱ्हायली माजी. उपकार झालं.”

“उपकार कसले, बाई.”

“एक इचारू? आवाज आला तवा आदी कुनाचा आला? थोरलीचाच ना?”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं, ती माझी गोष्ट खरी धरून बोलत होती.

“पैलवानाच्या बायकूनं सांगितलं मला,” ती सांगत होती. “आदी एक, मंग बारीक. बारीक ती धाकटी. ती थोरलीचं ऐकूनच बोलायची. देवी आल्या तवा सासू म्हनली, पानी दिऊ नगंस, अंगातली ऊब जाईल. म्या दिलं न्हाई. दोगी पानीच म्हनत व्हत्या, भाऊसाहेब. आदी थोरली, मंग तिचं ऐकून धाकटी. ह्ये म्या कुनालाच सांगितलं न्हाई. घरात सासू न् मी, दोगीच व्हतो. सासू बी गेली.” ती माझ्या तोंडाकडे बघत होती. “मी सा वर्सं रोज जाते तिथं. जमिनीला कान लावते. मला कदी ऐकू आलं न्हाई. परक्या मानसाला आलं. माज्यावर राग आसंल का त्येंचा?”

मी आयुष्यात एवढ्या गोष्टी सांगितल्या. त्या वेळी मला फक्त खरं सुचलं.

“बाई, मला काही ऐकू आलं नाही. मी ते रचलं. खोटं होतं सगळं. जागा वाचावी म्हणून.”

लहान मुलाला खोटं बोलताना पकडल्यावर त्याच्याकडे बघावं, तसं तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता.

“रचलं व्हय. मंग पानीच का रचलं? भूक का न्हाई? दूद का न्हाई? आय म्हनून हाक का न्हाई?”

“पैलवानांना विहीर खणायची होती ना, म्हणून पाणी. विहिरीच्या भुताला तहानच शोभते, म्हणून...”

हे सगळं खरं होतं. शब्द न् शब्द खरा. पण ते सांगताना माझं मलाच ते बनावट वाटायला लागलं, कच्च्या नटाच्या भाषणासारखं. आणि दोन आवाज का रचले? एक पुरला असता. दुसरा बारीक का? त्याचं कारण मी अजून शोधतो आहे.

एस.टी. आली. ती म्हणाली, “जावा तुमी. कुनाला न्हाई सांगनार मी,” जणू गुपित माझं होतं.

पुढच्या वर्षी पैलवानांनी गटाच्या दुसऱ्या टोकाला विहीर पाडली. खडक लागला, सुरुंग लावावे लागले, पण पाणी लागलं. आणि माझ्या त्या एका वाक्याची गावात वहिवाट पडली. विहिरीची पहिली घागर करंजाखाली जाते. पैलवान स्वतः पाणी शेंदून बाईच्या डोक्यावर घागर देतात आणि मागे फिरतात. ती रोज बाराला ती घागर दोन दगडांवर ओतते. आधी मोठ्या, मग लहान. दुसरं कुणी त्या बांधाने जात नाही. गुराखीसुद्धा लांबून वळतात. तिच्या पोरींची दोन भुतं झाली, आणि ती मी केली, हे बदलत नाही.

दोनेक वर्षांनी त्या गावचा नवा तलाठी पीकपाहणीचे कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. तो माझंच सात शब्दांचं पान पाठ करून आलेला. म्हणाला, “या दोन गुंठ्यांना काय लिहू? पोटखराबा म्हणावं तर झेंडू आहे, शेवंती आहे. जिरायत म्हणावं तर रोज पाणी आहे. कुणी तिकडे यायला तयार नाही, एकटाच जाऊन बघून आलो.”

“बागायत लिहा.”

“विहीर नाही, पाट नाही. बागायत कसं?”

“पाणी पडतं ना? मग लिहा.”

त्याने लिहिलं. साहेबांनी एवढंच विचारलं होतं ना, सातात बसेल असं कारण. बसलं.

गेल्या चैत्रात एका लग्नाला चाकणला जात होतो, फाटा दिसला आणि मी उगाचच एस.टी.तून उतरलो. बारा वाजून गेले होते. करंजाखाली कुणी नव्हतं. शेवंती सुकली होती, झेंडूला चारदोन फुलं होती. दोन दगडांच्या मधे ओंजळभर माती ओली होती. तिने नुकतंच घातलेलं पाणी, दुसरं काय असणार. चैत्रातलं ऊन असं की दगडांवरचं पाणी वाळूनही गेलं होतं.

मी गुडघे टेकले. धोतराला चिखल लागला. कान जमिनीपासून वीतभर अंतरावर आणला, आणि तिथेच थांबलो. काहीच ऐकू आलं नाही, तर त्या बाईला इतकी वर्षं पाणी वाहायला लावणारा मी. आणि आलं, तर ते मी कुणाला सांगणार, माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?

पलीकडून येणाऱ्या एस.टी.चा आवाज आला. मी उठलो, गुडघ्याची माती झाडली नाही, आणि फाट्याकडे चालायला लागलो.